हरणाबाईचं पाचवं दार

शुक्रवारी दिवेलागणीला हरणाबाई आमच्या गल्लीत शिरते ती परडी पुढं धरून. वेताची परडी, कडेनं कवड्या शिवलेल्या, आत देवीआईचा टाक, कुंकवाची डबी आणि आधीच्या दारांत पडलेलं धान्य. दारासमोर उभी राहून ती हाक देते, "उदं गं आई, उदं! जोगवा घाला माय." मी हातातलं काम टाकून पसाभर तांदूळ घेऊन बाहेर येते. ती माझ्या कपाळी कुंकू टेकवते, "आई भलं करू" म्हणते आणि निघते. बसत नाही, पाणीही मागत नाही. पाच दारं झाल्याशिवाय तिचा उपास सुटत नाही, आणि माझं दार चौथं.

पाचवं दार बँकेचं. म्हणजे आता तिथं बँक नाही, पण सांगलीतली आमच्या वयाची माणसं त्या इमारतीला अजून बँकच म्हणतात. संस्थानाच्या काळातली काळ्या दगडाची दुमजली इमारत. पुढं चार खांब, मध्ये माणसाच्या दीडपट उंचीचं सागवानी दार. खाली बँक आणि वर मॅनेजरचं बिऱ्हाड.

हरणाबाई मूळची जतकडची. माहेरी मेंढरं. पोरवयात दर साल मेंढरांमागं कृष्णाकाठाला चालत येऊन गेलेली. लग्न झालं ते भाऊसोशी. त्यानं काठी-घोंगडं सोडून माधवनगरच्या गिरणीत काम धरलं आणि हिला घाटाजवळच्या एका खोलीत आणून ठेवलं. पुढं गिरणी बंद पडली, भाऊसोही गेला. तेव्हापासून ती अडतीवर हळद निवडायला जाते. तिचे तळहात बारा महिने पिवळे असतात. कुंकू लावताना तिचं बोट कपाळाला लागलं की मला हळदीचाच वास येतो.

परडी घेतली ती मुलासाठी. तानाजी चालायला लागला होता तेव्हाची गोष्ट. ताप डोक्यात गेला, मिरजेच्या दवाखान्यात नेला, डॉक्टरांनी सांगितलं, आता वाट बघायची. हरणाबाई दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभी राहिली आणि आईला म्हणाली, "लेकरू ठेव. मी जिती हाय तवर शुक्करवारी पाच दारचं मागून खाईन." तानाजी उठला. आज तो लोणंदला एका कारखान्यात फिटर आहे. पण हरणाबाईच्या मनात तो अजून त्या पाच दारांवरच उभा आहे. एक दार चुकलं तर काय होईल, हे ती कधी तोंडानं बोलत नाही. शुक्रवारी तिची चाल बघितली की मला कळतं.

बँकेच्या दारातला पहिला पसा राजेश्वरीबाईंनी घातला. मॅनेजरसाहेबांच्या पत्नी. हरणाबाईची हाक ऐकून त्या जिना उतरून सुपात जोंधळे घेऊन आल्या होत्या. साहेबांची बदली झाली, दुसरे आले, तिसरे आले. वरच्या बिऱ्हाडातली बाई बदलायची, पण हाक गेली की कुणीतरी खाली यायचंच. मग मॅनेजर लोक विश्रामबागेत फ्लॅट घेऊन राहायला लागले आणि वरचा मजला रिकामा झाला. तेव्हा दार सांभाळलं जोतीरामनं.

जोतीराम बँकेचा बंदूकवाला. कोरेगावकडचा, पलटणीतून रिटायर होऊन आलेला. शुक्रवारी त्याच्या एका खिशात काडतुसं असायची आणि दुसऱ्या खिशात कागदाच्या पुडीत तांदूळ. पण हाक ऐकल्याशिवाय पुडी बाहेर निघायची नाही. हरणाबाई नुसती उभी राहिली तर म्हणायचा, "मावशे, हाक दी की. पहारेकऱ्याला हुकूम लागतोय." मग ती हाक द्यायची, तो टोपी सारखी करून स्टुलावरून उठायचा आणि ओंजळीनं घालायचा.

महापुरात बँकेत छातीएवढं पाणी आलं. पाणी उतरल्यावर बँक कायमची उंचावर गेली, इमारतीला कुलूप लागलं. जोतीराम राखणदार म्हणून तिथंच राहिला. रस्त्याला चिटपाखरू नसायचं, बंद दारासमोर हा एकटा स्टुलावर, आणि शुक्रवारी समोर परडी घेऊन ही. एके दिवशी तो म्हणाला, "मावशे, इमारत दिली गं. वाळव्याकडचं कोण पोरगं हाय, हाटेल काढनार हाय म्हनं. मी आता गावाला चाललो."

"आन् माजं दार?"

"दार कुटं पळतंय? मानूस मातुर दुसरं यील."

ते पोरगं म्हणजे उदयसिंह. घरचा ऊस, पुण्याला हॉटेलचं शिकून आलेला. काम चाललं तोवर तिथं राहणाऱ्या गवंड्याची बायको हाकेला पसा घालायची. त्यानं दगड घासून लख्ख केला, खांबांवर पिवळे दिवे सोडले आणि इंग्रजी अक्षरांत पाटी लावली, 'द ओल्ड व्हॉल्ट'. पब म्हणतात त्याला. बाहेरून काचेतून दिसायचं ते असं : कॅशियरचा सागवानी काउंटर तसाच, त्याची पितळी जाळी तशीच, पण मागच्या फळ्यांवर खातेवह्यांच्या जागी बाटल्या. तिजोरीचा लोखंडी दरवाजा सताड उघडा आणि आत लाल उजेड. आमची मुलंबाळं तिथं जाऊन फोटो काढून आली. पूर्वी तिथं पैसे ठेवत, आता उडवतात, असं म्हणून आमच्या घरचे हसले.

पब सुरू झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी चपला घालून हरणाबाईच्या मागोमाग गेले. तिथं ती एकटी कशी उभी राहील, या काळजीनं.

दारावर काळा टी-शर्ट घातलेला शिवतेज नावाचा दांडगा गडी होता. हाक ऐकून तो पुढं आला. "आज्जी, बाजूला व्हा. हितं न्हाई मागायचं."

"मागत न्हाई रं बाबा. जोगवा हाय. आत कोन बाईमानूस असंल तर सांग जा."

"आज्जी, ह्यो पब हाय. हितं बाईमानूस येतंय, पर पीठ मळाया न्हाई येत." स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला, मग थोडा ओशाळला आणि खिशातून नोट काढली. हरणाबाईनं परडी मागं घेतली. "पैका न्हाई चालत."

एवढ्यात उदयसिंह बाहेर आला. मुलगा चांगला बोलला. "आजी, जेवण देतो ना तुम्हाला. व्हेज बिर्याणी पार्सल देतो, भरपूर."

"शिजल्यालं न्हाई चालत, मालक."

"पैसे चालत नाहीत, बिर्याणी चालत नाही. मग चालतं तरी काय?"

"पसाभर कोरडं. तांदूळ घाला, न्हाईतर पीठ घाला."

मागं मोटारी थांबायला लागल्या होत्या. उतरणारी मुलं-मुली आमच्याकडं बघत होती. उदयसिंह हळूच म्हणाला, "आजी, आत्ता नको हो, गिऱ्हाईक बघतंय." त्याच वेळी आतल्या टेबलाशी बसलेली एक मुलगी उठली. येणाऱ्यांची नावं लिहून घेणारी, काळी पँट, केस घट्ट बांधलेले, कानात ते फोनचं यंत्र. ती स्वयंपाकघराकडं पळाली आणि परत आली ती बिअरच्या काचेच्या मगात बासमती तांदूळ घेऊन.

"आज्जी, धरा परडी."

हरणाबाईनं मगाकडं बघितलं. "ह्ये कशाचं भांडं गं?"

"नवं हाय आज्जी, आजून कुनी तोंड न्हाई लावलं. वाटी घावंना लवकर." मघाशी गिऱ्हाइकांशी शहरी बोलणारी पोरगी एकदम आमच्या भागातलं बोलायला लागली.

"मग वंजळीत घे आन् घाल."

तिनं ओंजळीत घेऊन तांदूळ घातले. डोक्यावर घ्यायला पदर नव्हता, ओढणी नव्हती. तिनं तळवा डोक्यावर ठेवला आणि वाकली. हरणाबाईनं तिच्या कपाळी कुंकू लावलं. "कुटली गं तू?"

"जतच्या पल्याडची. सोनिया. माज्या आज्जीकडं बी परडी हुती. आज्जी मेल्यावर सोडली आमी नदीत." मग घाईघाईनं कपाळ पुसायला हात नेला आणि न पुसताच आत गेली.

गल्लीत चर्चा झालीच. तिसरं दार दीपमालाताईंचं, वकिलीणबाईंचं. त्यांनी विचारलं, "हरणाबाई, दारूच्या ठिकाणचा तांदूळ आईला चालतो का हो?"

"आवं, बँक व्हती तवा बी त्या दारात दुसऱ्याचाच पैका व्हता की. आई काय आत जाऊन बघती व्हय? घालणारा हात बघती."

"मग तिकडचं शेवटी घेत जा. माझ्या तांदळात नको पडायला."

"शेवटीच घेती," हरणाबाई म्हणाली. मनाला लावून घेतलं नाही.

एक वर्ष छान गेलं. सोनिया शुक्रवारी वाटी तयार ठेवी, पण हाकेची वाट बघे. पब भरायच्या आधीची ती वेळ. दोघी दाराच्या पायरीवर जरा थांबायच्या. एकदा मी मागून येत होते तेव्हा हरणाबाई म्हणत होती, "लगीन कर गं आता. बाटल्या किती दीस मोजशील?" आणि सोनिया, "आज्जी, त्या मोजाया दुसरा हाय. मी नुसती या-बसा म्हनती." शिवतेज मध्येच तोंड घालून म्हणायचा, "आज्जी, मला बी लावा की टिळा," आणि ती त्याच्या रुंद कपाळाला टाचा उंचावून कुंकू लावायची. आठवड्यात हरणाबाईशी इतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. अडतीवर हळद खाली ओतली की बायका तोंडाला फडकं बांधून बसतात, बोलणं होत नाही. आणि खोलीत तर भिंतीच.

मग सोनियाला गोव्याला नोकरी लागली. शेवटच्या शुक्रवारी ती हरणाबाईच्या पाया पडली. "आज्जी, सरांना सांगितलंय मी. तुमचं दार न्हाई चुकायचं."

उदयसिंहनं शब्द पाळला. त्याच्या परीनं पाळला. पुढच्या शुक्रवारी दाराच्या पितळी मुठीला एक स्वच्छ कापडी पिशवी लटकवलेली होती. आत किलोभर तांदूळ, वर छापील चिठ्ठी : 'आजींसाठी'. त्या दिवशी आत गाण्याचा कार्यक्रम होता. शिवतेजला मोटारींकडं धाडलेलं, दारावर कुणीच नव्हतं. हरणाबाईनं हाक दिली. आतल्या ढोलकांत हाक बुडून गेली. तिनं पुन्हा दिली. काचेपलीकडून एक मुलगी तिच्याकडं बघून हसली, पिशवीकडं बोट केलं आणि 'घ्या, घ्या' अशी खूण करून वळली.

हरणाबाई पिशवी तशीच ठेवून माझ्याकडं आली. परडीत चार दारचं धान्य.

"घ्यायची होती ना," मी म्हटलं. "त्यानं मनापासून ठेवलं असणार."

"ठिवलं बरंच केलं त्येनं. पर आक्का, मुठीला टांगल्यालं न्हाई चालत. हाक द्यायची, आन् कुनीतरी उठून याया पायजे. त्येलाच दार म्हनायचं."

त्या रात्री ती उपाशी निजली असणार. सकाळीच पुन्हा माझ्या दारात, हातात फोन. "तानाजीला लावून द्या जरा." मी लावून दिला. आवाज बाहेरपर्यंत येत होता. "काय झालं? ड्युटीवर हाय मी."

"काय न्हाई. बरा हायेस न्हवं?"

"बराच हाय. त्येच विचाराया लावलास? ठेव."

तिनं फोन पदरानं पुसून कमरेला खोचला. बराच वेळ माझ्या पायरीवर बसून राहिली. यापूर्वी ती माझ्या पायरीवर कधी बसली नव्हती.

नवं दार शोधायला आम्ही फिरलो. जुन्या घरांच्या जागी दुकानं आणि सोसायट्या. एका सोसायटीत राखणदारानं फाटकातूनच हात हलवला. दुसरीत वर जाऊ दिलं, तर एका बाईनं साखळी न काढता विचारलं, "कशाची वर्गणी?" एक मुलगा बिचारा भला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, रोख नाहीये. स्कॅनर आहे का तुमच्याकडं?" मी हसले. हरणाबाईला कळलं नाही, म्हणून तीही हसली.

मी म्हटलं, "उदयसिंहला सांगू का? नाहीतर माझ्या नणंदेला सांगून ठेवते. खणभागात राहते, घालेल दर शुक्रवारी."

"सांगून ठिवल्यावर त्यो जोगवा कसला, आक्का? हाक द्यायची कशाला मग? तुमच्या सांगन्यानं घालतील."

"मग तुम्ही तानाजीकडं जा राहायला. तिकडं मिळतील दारं."

"त्यो न्हाई म्हनतोय. परडी हितंच ठिवून ये म्हनतोय. तिथं कारखान्यातली मानसं ऱ्हात्यात, आई भीक मागती म्हनतील."

"मग त्याच्याच घरचं घ्या पाचवं, मिटलं."

ती माझ्याकडं बघायला लागली. "आपल्या घरचं न्हाई चालत. परक्याचं लागतं. घरचंच खायाचं तर मागायचं कशाला?"

पुढचा शुक्रवारही चार दारांवर गेला. तिनं जेवण किती टाकलं, मी विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी ती आली आणि उभ्यानंच म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं लोनंदला येता का माज्यासंगं?"

आम्ही गेलो. ती खिडकीपाशी, मांडीवर परडी फडक्यात बांधलेली. जोतीरामच्या कोरेगावला गाडी थांबली तेव्हा तिनं फलाटावर उगीच इकडं-तिकडं बघितलं. कोण दिसणार होतं? साताऱ्याकडची वांगी विकणारी बाई टोपली घेऊन चढली, तिला सरकून जागा दिली, एवढंच.

तानाजीचं घर नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून हरणाबाईनं दम खाल्ला, फडकं सोडलं, टाक सारखा केला. घंटी वाजवली नाही. पदर डोक्यावर घेऊन हाक दिली, गल्लीत देते तशीच. "उदं गं आई, उदं! जोगवा घाला माय."

दार उघडलं सुनेनं, राणीनं. "अगं बया! आत्या? आवं, कळवायचं तरी. या, आत या."

हरणाबाई उंबऱ्याबाहेर उभी. परडी पुढं.

आतून तानाजी आला. रात्रपाळी करून झोपलेला, डोळे लाल. "आये? काय झालं? आशी का उभी?" मग परडी दिसली आणि त्याचा आवाज बदलला. "हितं कशाला आनलीस ही? आत ये आधी."

"जोगवा घाला माय."

"आये, ऐक की."

शेजारचं दार किलकिलं झालं. राणी दबक्या आवाजात म्हणाली, "आवं, लोकं बघाय लागल्यात. घाला पसाभर, मग येतील आत." ती स्टीलच्या वाटीत तांदूळ घेऊन आली. तानाजीनं वाटी तिच्या हातून घेतली, परडीवर धरली आणि थांबला. लहानपणी हिचा पदर धरून हा प्रत्येक शुक्रवारी पाच दारं हिंडला होता.

"आपल्या घरचं चालत न्हाई म्हनायचीस न्हवं?"

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "घाल."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ती परडीकडं बघत होती. वाटी कलली, तांदूळ कवड्यांवर वाजले. मग तिनं त्याच्या कपाळी कुंकू टेकवलं आणि सगळ्या दारांत म्हणते तेच म्हणाली, "आई भलं करू." 'बाळा' नाही, नाव नाही.

"आता तरी आत ये. जेव. रानी, ताट कर."

"जोगव्याच्या दारात जेवत न्हाईत," ती म्हणाली आणि जिन्याकडं वळली. मीच राणीचा हात दाबला, कठड्याला धरून हरणाबाईच्या मागं उतरले. वर दार लागल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

स्टेशनवर मी माझ्या डब्यातली दशमी पुढं केली, तिनं नको म्हटलं. संध्याकाळी सांगलीत उतरून तिनं उरलेली चार दारं घेतली. माझ्या दारातही नेहमीसारखी हाक दिली, मीही नेहमीसारखी आत जाऊन तांदूळ घेऊन आले. मग ती घाटाकडं गेली. त्या रात्री, दोन शुक्रवारच्या खंडानंतर, तिच्या खोलीत चूल पेटली, असं घाटाकडच्या बायकांनी सांगितलं.

आता दर शुक्रवारी ती सकाळच्या गाडीनं लोणंदला जाते. अडतीवरचा शुक्रवारचा खाडा सोसून. तानाजी घरी असला तर तो येतो, नसला तर राणी. पाच-दहा मिनिटांचं काम, आणि लगेच परत. मी आता बरोबर जात नाही, गुडघे जिना मानत नाहीत.

परवा माझ्या दारात कुंकू लावून झाल्यावर मी विचारलं, "तानाजी बरा आहे ना?"

"बरा हाय. जरा पोटानं सुटलाय. रात्रपाळी बंद झाली म्हनं, रानी सांगत हुती." तिनं परडीतले तांदूळ हातानं सारखे केले. "आदी आत ये म्हनायचा. आता न्हाई म्हनत. हाक दिली की वाटी घ्यून भाईर येतोय."